काचेवरचे धागे आणि न वाढणारी श्रिम्पची पिल्लं : दोन फुटी फिश टँकमधल्या किड्यांचं एक प्रकरण

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधला दोन फुटी फिश टँक, लावून आठ महिने झालेला. आत दहा गप्पी, सहा निऑन टेट्रा, वीसेक लाल चेरी श्रिम्प आणि दोन नेराइट गोगलगायी. झाडांत जावा फर्न, अनुबियास आणि कोपऱ्यात जावा मॉसचा दाट झुपका. तळाला बारीक काळी खडी, मागे टांगलेला फिल्टर, शिवाय एक लहान एअर पंप. जुलैमध्ये एका रात्री पावसात वीज गेली ती पहाटेच आली. सकाळी घरच्यांनी पाहिलं तर समोरच्या काचेचा वरचा भाग पांढऱ्या, केसाएवढ्या धाग्यांनी भरलेला, आणि ते धागे वळवळत होते.

घाबरून दोन दिवसांत तीन उपाय झाले. टँकमधलं जवळजवळ सगळं पाणी काढून नळाचं पाणी भरलं. फिल्टरमधला काळा पडलेला स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला. माशांच्या दुकानातून ‘किड्यांचं औषध’ म्हणून मिळालेलं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकलं. तिसऱ्या दिवशी दोन टेट्रा मेले, गप्पी पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले. धागे मात्र होते तिथेच होते.

पाणी तपासलं तेव्हा अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि नायट्राइटही ०.५ निघालं. चालू टँकमध्ये दोन्ही शून्य असायला हवेत. इथे मासे किड्यांमुळे मेले नव्हते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सतत तयार होत असतो, आणि स्पंजमध्ये, खडीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधली ही वस्ती मेली. उरलीसुरली खडीतली होती, तिला आधी क्लोरीनच्या पाण्याने आणि मग निळ्या औषधाने त्रास दिला. मिथिलीन ब्लू बुरशीवर आणि माशांच्या अंड्यांसाठी उपयोगी आहे, पण ते वेगळ्या भांड्यात वापरायचं औषध आहे. झाडं आणि श्रिम्प असलेल्या टँकमध्ये त्याचं काही काम नाही, आणि काचेवरच्या किड्यांवर तर नाहीच.

आधी पाणी सावरणं

किड्यांकडे पाहण्याआधी पाणी ताळ्यावर आणणं भाग होतं. माशांचं खाणं पूर्ण बंद केलं. निरोगी प्रौढ मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात, आणि जितकं कमी खाणं तितका कमी अमोनिया. रोज एक चतुर्थांश पाणी बदललं. नवीन पाण्यात आधी क्लोरीन मारणारं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण, घातलं आणि पाणी टँकच्या तापमानाला आणूनच ओतलं. फिल्टरमध्ये निळं औषध शोषून घ्यायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवली. दुसऱ्या एका जुन्या टँकमधला वापरातला स्पंज आणून याच फिल्टरमध्ये बसवला, म्हणजे जिवाणूंची तयार वस्ती मिळाली. स्पंज ज्या टँकमधून आणायचा तिथे काचेवर, खडीत काही नको ते नाही ना, हे रात्री टॉर्च लावून पाहूनच आणायचा. घाईत आणलेल्या स्पंजातून नवीनच त्रास घरी येतो.

नवव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. दरम्यान काचेवरचे धागे आपोआप जवळजवळ नाहीसे झाले होते. घरच्यांना वाटलं संकट गेलं. खरं काम इथून पुढे होतं.

किडा ओळखणं

ड्रॉपरने काचेवरचा एक धागा ओढून पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात सोडला आणि दहापट भिंगाखाली पाहिला. मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यानेही हे काम होतं. धागा दीड सेंटीमीटरचा, पांढुरका, अर्धपारदर्शक. अंगावर बारीक खंड दिसत होते आणि कडेला अगदी बारीक केस. आतून आतड्याची गडद रेघ गेलेली. वाटी हलवली की तो पाण्यात नागमोडी पोहायचा. हा गांडुळाच्याच कुळातला, नायडिडी गटातला कृमी. हौशी लोक त्याला डेट्रिटस वर्म म्हणतात. तो खडीत राहतो, कुजलेलं खाणं, झाडांची सडकी पानं, विष्ठा हे त्याचं अन्न. माशाला, श्रिम्पला, अंड्यांना तो काही करत नाही. माणसालाही नाही. जवळजवळ प्रत्येक जुन्या टँकच्या खडीत तो असतोच, फक्त दिसत नाही.

मग त्या सकाळी का दिसला? वीज गेल्यावर फिल्टर आणि एअर पंप थांबले. पाण्याची हालचाल थांबली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळायचा वेग कोसळतो. रात्री झाडंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात. खडीत कुजणाऱ्या घाणीमुळे तिथला ऑक्सिजन सगळ्यात आधी संपतो, आणि खडीतले कृमी जिथे थोडा शिल्लक आहे तिथे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, चढतात. हवा सुरू झाली की ते परत खाली जातात. काचेवर एवढे कृमी दिसले यातून दोन गोष्टी कळतात : खडीत कुजणारी घाण खूप आहे, आणि रात्रीत ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला होता. दोन्हींवर औषध नाही.

पण चौकशीत एक गोष्ट निघाली जी या कृमींशी जुळत नव्हती. श्रिम्पच्या माद्या गेले पाच महिने पोटाखाली अंडी घेऊन फिरताना दिसत होत्या. २७-२८ अंश तापमानात चेरी श्रिम्पची अंडी साधारण तीन आठवड्यांत फुटतात, आणि एका खेपेला वीस-तीस पिल्लं होतात. आठ महिन्यांत इथे किमान शंभरभर श्रिम्प हवे होते. होते तेवढेच, सुरुवातीला आणलेले वीसेक. गप्पी पिल्लं खातात हे खरं, पण जावा मॉसचा एवढा दाट झुपका असताना थोडी तरी वाचायला हवी होती. एकही वाचत नव्हतं.

म्हणून रात्री पाहिलं. टँकचा दिवा बंद करून दोन तास झाल्यावर, खोलीतही अंधार ठेवून, टॉर्च एकदम काचेच्या तळाशी मारला. समोरच्या काचेवर, खडीच्या रेषेच्या वर, चौदा किडे होते. करडे-तपकिरी, चपटे, आठ ते बारा मिलिमीटर लांब. ते वळवळत नव्हते; काचेवरून एका लयीत घसरत पुढे जात होते. प्रकाश पडताच सावकाश वळून खडीकडे निघाले. भिंगाखाली डोकं त्रिकोणी, बाणाच्या टोकासारखं, आणि त्यावर दोन काळे ठिपके, तिरळ्या डोळ्यांसारखे. हे प्लॅनेरिया. चपटकृमींमधला शिकारी. तोंड डोक्याला नसून पोटाच्या मध्यावर असतं. तिथून नळी बाहेर काढून तो भक्ष्य शोषून घेतो. नुकती जन्मलेली श्रिम्पची पिल्लं, कात टाकून मऊ पडलेले श्रिम्प, माशांची अंडी हे त्याचं आवडतं खाणं.

गप्पी की प्लॅनेरिया, हे ठरवायला एक साधी चाचणी केली. अंडी फुटायला आलेली एक मादी बारीक कापडी जाळीच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये मॉसच्या तुकड्यासह ठेवली. जाळीतून मासा आत जात नाही, पण प्लॅनेरिया आत शिरू शकतो. पिल्लं झाली, मादी बाहेर काढून मोजली तेव्हा बावीस होती. तिसऱ्या सकाळी नऊ उरली, आणि मॉस झटकल्यावर त्यातून तीन प्लॅनेरिया निघाले. एकही मासा आत नसताना तेरा पिल्लं गेली होती. उरलेली नऊ लगेच वेगळ्या बरणीत हलवली. गप्पींचा वाटा शून्य होता असं यावरून म्हणता येत नाही, पण नुसते गप्पी काढून प्रश्न सुटला नसता हे पक्कं झालं.

म्हणजे ज्या किड्याने घर हादरवलं तो निरुपद्रवी होता, आणि जो महिनोन्महिने नुकसान करत होता तो दिवसा कधी दिसलाच नव्हता. यावर उपाय ठरवताना दोघांची गल्लत झाली तर मोठी पंचाईत होते, कारण पहिल्याला औषध द्यायचं नसतं आणि दुसरा नुसत्या साफसफाईने जात नाही.

ओळखण्यात चुकणारे आणखी काही जीव इथेच सांगून ठेवतो. एक ते तीन मिलिमीटरचे, डोकं गोल असलेले पांढरे चपटे ठिपके काचेवर सरकताना दिसले तर ते रॅब्डोसील; प्लॅनेरियाची पिल्लं समजून लोक औषध टाकतात, पण ते निरुपद्रवी असतात. एका जागी चिकटून वर चार-सहा हात पसरलेला जीव हा हायड्रा. दोन्ही टोकांना चिकटण्याची चकती आणि मापं घेत चालल्यासारखी चाल असेल तर जळू. गप्पीच्या गुदद्वारातून लाल धाग्यांची टोकं बाहेर लोंबत असतील तर तो कॅमॅलॅनस, माशाच्या आतड्यात राहणारा परजीवी जंत. त्याचं औषध, मात्रा सगळं वेगळं, आणि तो संसर्गजन्य असल्याने तिथे थांबायला वेळ नसतो.

घाण आली कुठून

खाणं हेच उत्तर, बहुतेक टँकमध्ये असतं तसंच. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चिमटी फ्लेक्स. मधल्या वेळी मुलं शाळेतून आल्यावर पुन्हा थोडे. शिवाय श्रिम्पसाठी आठवड्यात तीनदा पूर्ण अल्गी वेफर, म्हणजे शेवाळाच्या खाण्याची चकती, रात्रभर तसाच ठेवलेला. दहा गप्पी आणि सहा टेट्रांना दिवसाला एकच छोटी चिमूट पुरते, तीही दोन मिनिटांत संपेल एवढीच. उरलेलं खडीत जातं, तिथे डेट्रिटस वर्म वाढतात, आणि त्यांच्यावर व त्याच खाण्यावर प्लॅनेरियाही पोसले जातात. प्लॅनेरिया टँकमध्ये मुळात येतो तो बहुतेक नवीन झाडांवरून, एक-दोन मिलिमीटरच्या काळपट तपकिरी गोल अंडकोशातून. पण आल्यावर त्याची संख्या किती होणार हे तुमची चिमूट ठरवते.

खाणं दिवसातून एकदा केलं, आठवड्यातला एक दिवस उपवास. वेफरचा पाव तुकडा, दोन तासांनी उरलेला उचलायचा. डबा मुलांच्या हाताच्या वर ठेवला.

खडी सायफनने साफ केली, पण एकदम नाही. तळाचे तीन भाग मनात पाडून एका वेळी एक तृतीयांश, मध्ये पाच दिवस. एका दिवसात सगळी खडी ढवळली तर साठलेली घाण पाण्यात उठते, अमोनिया पुन्हा चढतो, आणि नुकते सावरलेले मासे परत आजारी पडतात. सायफनची नळी खडीत दोन-अडीच सेंटीमीटर रोवायची, खडी उडताना पाणी काळं दिसतं. ते पारदर्शक झालं की नळी उचलून शेजारी रोवायची. झाडाच्या मुळांजवळ फक्त वरून फिरवायची. पहिल्या तृतीयांशात दहा लिटरच्या बादलीतलं पाणी चहाच्या गाळासारखं निघालं. सायफन तोंडाने ओढून सुरू करू नये. नळी आधी पाण्यात बुडवून भरून घ्यावी, किंवा फुग्याचा पंप असलेला सायफन घ्यावा.

तीन खेपांत पंधरा दिवस गेले. पुढे एकदा रात्री अडीच तास वीज गेली तेव्हा काचेवर मोजून पाच-सहा डेट्रिटस वर्म चढले. एवढे कुठल्याही चांगल्या टँकमध्ये असतात. त्यांचा प्रश्न इथे संपला. एअर पंपासाठी बॅटरीवर चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा छोटा पंप घेतला. पावसाळ्यात तो हवाच.

सापळा : औषधाआधी का

खडी साफ होत असताना प्लॅनेरियासाठी सापळा लावला. यासाठी बाजारात काचेचे सापळे मिळतात, पण होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बाटली तितकीच कामाची. गरम केलेल्या सुईने बाटलीला चार-पाच भोकं पाडायची, दीड ते दोन मिलिमीटरची. त्याहून मोठी पाडली तर श्रिम्प आत शिरतात. आत तुरीच्या दाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा किंवा चिकनचा तुकडा. बाटली पाण्याने पूर्ण भरून, हवा काढून, खडीवर आडवी ठेवायची. हवा राहिली तर ती तरंगते. दिवे गेल्यावर लावायचा, दोन-तीन तासांनी काढायचा. रात्रभर ठेवण्यात दोन तोटे : पोट भरलं की प्लॅनेरिया बाहेर निघून जातात, आणि तुकडा कुजून पाणी बिघडवतो.

पहिल्या रात्री बाटलीत ३८ निघाले, तिसऱ्या रात्री १९, सहाव्या रात्री ७. काढलेली बाटली कडक गरम पाण्यात रिकामी करायची. ते सिंकमध्ये जिवंत ओतू नयेत, आणि काचेवर चिरडू तर अजिबात नये. प्लॅनेरियाचे तुकडे केले तर तुकड्यातून पूर्ण नवा प्राणी तयार होतो. ज्या गुणामुळे प्रयोगशाळांत त्याच्यावर शंभराहून जास्त वर्षं अभ्यास चालू आहे, तोच गुण टँकवाल्याच्या मुळावर येतो.

सापळ्याने प्लॅनेरिया संपत नाहीत. अंडकोश सापळ्यात येत नाहीत, ते झाडांना आणि काचेला चिकटलेले असतात. तरी सापळा आधी लावण्याला कारण आहे. मोठ्या संख्येने प्लॅनेरिया औषधाने एकदम मेले तर तेच खडीत कुजतात आणि अमोनिया वाढवतात. आधी जिवंत बाहेर काढलेला प्रत्येक किडा आत कुजत नाही. खडी साफ करण्यामागेही तेच : पुढे प्लॅनेरियावर वापरायचं जंतांचं औषध, फेनबेंडाझोल, डेट्रिटस वर्मही मारतं, आणि खडीत ते हजारोंनी असताना औषध टाकलं तर एका रात्रीत सगळे कुजायला लागतात. ‘औषध टाकलं आणि मासे मेले’ अशा बहुतेक तक्रारींमागे औषधाचं विष नसून हे कुजणं असतं.

औषध : फेनबेंडाझोल

कुत्र्यामांजरांच्या जंतांसाठी जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारं हे औषध. जंताच्या पेशींमधल्या सूक्ष्म नलिका बनू न देणं हे त्याचं काम, म्हणून परिणाम सावकाश, एक ते तीन दिवसांत. योग्य मात्रेत चेरी श्रिम्प, गप्पी, टेट्रा आणि झाडं त्याला सोसतात. पशुवैद्याशी बोलून घ्यावं, आणि गोळीवरचं रसायनांचं नाव स्वतः वाचावं. जंतांच्या अनेक गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात. आयव्हरमेक्टिन असलेली गोळी श्रिम्पच्या टँकमध्ये कधीही नको. कवचधारी प्राण्यांना ते अत्यंत विषारी आहे. फक्त फेनबेंडाझोल, दुसरं काही नाही, अशीच गोळी घ्यावी.

मात्रा : लिटरला ०.६ मिलिग्रॅम फेनबेंडाझोल. यासाठी टँकमधलं खरं पाणी मोजावं लागतं. बाहेरून टँक मोठा दिसतो, आत पाणी त्याहून कमी असतं. इथे आतलं माप ६० बाय ३० सेंटीमीटर, तळापासून पाण्याची उंची ३१ सेंटीमीटर. ६० × ३० × ३१ भागिले १,००० म्हणजे ५५.८ लिटर. खडीचा थर सरासरी ४ सेंटीमीटर, म्हणजे ७.२ लिटर जागा. त्यातली साधारण ४० टक्के फटींत पाणीच असतं, म्हणून सुमारे सव्वाचार लिटर वजा. लाकूड आणि दगड यांचे दीड लिटर वजा. उरलं ५० लिटर. मात्रा ३० मिलिग्रॅम.

बाजारात १५० मिलिग्रॅमची गोळी मिळते. तिचे पाच भाग सुरीने करणं म्हणजे अंदाजपंचे. त्याऐवजी गोळी दोन चमच्यांमध्ये बारीक पूड करून १५० मिलिलिटर पाण्यात मिसळायची. आता १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही, पूड तळाला बसते. म्हणून बाटली जोरात हलवून लगेच, पूड बसायच्या आत, सिरिंजने ३० मिलिलिटर ओढायचं. हलवून दोन मिनिटं ठेवलेल्या बाटलीतून ओढलं तर वरचं पाणी जातं, औषध खाली राहतं, आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाटतं. ओढलेलं औषध मगभर टँकच्या पाण्यात मिसळून फिल्टरच्या धारेखाली हळूहळू ओतायचं. उरलेलं फेकून द्यायचं, पुढच्या मात्रेला नवीन गोळी.

आधीची तयारी : फिल्टरमधला कार्बन काढला. एअर पंप चोवीस तास चालू. दोन्ही नेराइट बाहेर काढल्या. हे विसरलं तर त्या मरतात. नेराइट, मिस्ट्री आणि असॅसिन गोगलगायींना हे औषध चालत नाही. त्यांना वेगळ्या बरणीत तीन आठवडे ठेवलं, कारण शंखावर प्लॅनेरियाचा अंडकोश चिकटलेला असू शकतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ३० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी प्लॅनेरिया दिवसाउजेडी बाहेर आले, आखडून गोळा होऊन खडीवर पडू लागले. संध्याकाळी अमोनिया ०.२५. इतकी स्वच्छता करूनही एवढा चढला, यावरून आधी खडी साफ नसती तर काय झालं असतं ते कळतं. १२.५ लिटर पाणी बदललं आणि जितकं औषध पाण्याबरोबर गेलं तितकंच, म्हणजे १२.५ × ०.६, साडेसात मिलिग्रॅम, परत घातलं. पाणी बदलून औषध परत न घालणं, किंवा घाबरून पूर्ण मात्रा पुन्हा घालणं, या दोन्ही चुका होतात. तिसऱ्या दिवशी अर्धी मात्रा, १५ मिलिग्रॅम. पाचव्या आणि सातव्या दिवशी १५-१५ लिटर पाणी बदललं, मेलेलं सगळं सायफनने उचललं, कार्बन परत बसवला. मासे आणि श्रिम्प सगळे जिवंत. पिल्लांच्या बरणीतली नऊही.

पंधराव्या दिवशी कार्बन काढून पुन्हा ३० मिलिग्रॅम. औषध अंडकोशाच्या आत पोचत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्यातून पिल्लं निघतात. ती मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत गाठायची असतात. ज्यांच्याकडे प्लॅनेरिया ‘परत येतात’ त्यांनी बहुतेक ही दुसरी मात्रा टाळलेली असते.

जे उपाय इथे केले नाहीत

मिठाने प्लॅनेरिया मरतात, पण ज्या प्रमाणात मरतात त्यात झाडंही मरतात. प्लॅनेरिया खाणारे मासे आणण्याचा सल्लाही मिळाला होता. बहुतेक मासे त्याचा चिकट स्राव चाखून थुंकून टाकतात, आणि जे खातात ते श्रिम्पची पिल्लं आधी खातात.

कोकणातल्या घरांत आणखी एक उपाय सुचतो : सुपारी. कल्पना बिनबुडाची नाही. प्लॅनेरियासाठी विकली जाणारी एक प्रसिद्ध पावडर सुपारीच्याच अर्कापासून बनते, आणि सुपारीतलं अरेकोलीन पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमींवर दिलं जायचं. पण प्रत्येक सुपारीत अरेकोलीन किती हे ओली, वाळलेली, भाजलेली, कोणत्या बागेतली यावर बदलतं. उकळून काढलेल्या काढ्याची मात्रा मोजायला काहीच साधन नाही, वर त्याच्या तुरटपणाने पाणी तपकिरी होतं. तयार पावडर मिळत असेल तर मापाने वापरावी. सुपारी किसून टँकमध्ये टाकू नये. ती पावडरही नेराइटना चालत नाही.

नंतरची देखरेख

दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी लागोपाठ तीन रात्री सापळा लावला. तिन्ही वेळा रिकामा. आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा लावला, तोही रिकामा. उशिरा फुटणाऱ्या अंडकोशासाठी ही दुसरी तपासणी हवीच. बरणीतली नऊ पिल्लं सेंटीमीटरभर झाल्यावर टँकमध्ये सोडली. ऑक्टोबरअखेर मॉसच्या कडेने वेगवेगळ्या आकाराची पिल्लं दिसू लागली. गप्पी अजून आहेत आणि काही पिल्लं खातातच; ज्यांना श्रिम्पचीच पैदास हवी त्यांनी गप्पींना वेगळा टँक द्यावा.

नेराइट अजून परत आणलेल्या नाहीत. न विरघळणारी पूड खडीत बरेच महिने राहते, आणि खडी खरवडणाऱ्या गोगलगायीच्या पोटात ती जाते. त्या दुसऱ्या टँकमध्ये सुखरूप आहेत, तिथेच राहतील.

नवीन झाड आता सरळ टँकमध्ये जात नाही. दहा लिटरच्या बादलीत, खिडकीच्या उजेडात, एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून तीन आठवडे. दर चार दिवसांनी रात्री कोळंबीच्या तुकड्याचा सापळा. एखादा प्लॅनेरिया निघालाच तर बादलीतच ६ मिलिग्रॅम फेनबेंडाझोल आणि तीन आठवड्यांची मोजणी नव्याने. त्या बादलीचा ड्रॉपर, जाळी, सायफन टँकमध्ये बुडवायचे नाहीत. बुडवायचेच असतील तर आधी कडक गरम पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवायचे. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, नळाखाली कधीच नाही.